बापाची पिशवी

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या ओठावर मिशी होती. पेणला आमच्या महिला मंडळाचं नाटक बसत होतं. पुरुषांची कामं करायला पुरुष कधीच वेळेवर येत नाहीत, म्हणून गेली कित्येक वर्षं सासरे, सावकार, दारुडे असे नाना नमुने मीच रंगवत आले आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं. त्या दुपारी मी एक कडक बाप होते. आवाज चढवून पोटच्या मुलीला घराबाहेर काढायच्या बेतात होते, तोच शेजारच्या काकू अनवाणी पायांनी हॉलमध्ये आल्या. पनवेलहून फोन होता. वहिनी बोलत होती. "वन्सं, निघा. हे गेले. शाळेतून आले, पाणी मागितलं... आणि गेले." मी मिशी ओढून काढली आणि एसटी पकडली. मिशी निघाली, पण गोंद काही निघाला नाही. पनवेल येईपर्यंत मी रडत रडत पदराने ओठ घासत होते आणि शेजारी बसलेली बाई माझ्यापासून थोडी थोडी लांब सरकत होती.

घरी पोचले तर दादाला खाली घेतलेलं. वहिनीने मला पाहिलं, उठून आत गेली, पदराच्या टोकाला खोबरेल तेल लावून आली आणि त्या तसल्या वेळी, सगळ्या गल्लीसमोर, तिने माझा ओठ पुसला. "आज कोण झाला होतात?" हळूच विचारलं तिने. "बाप," मी म्हटलं. "मग अवघडच काम होतं," ती म्हणाली आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. तिच्या त्या बोलण्याचा अर्थ घरात फक्त तिघींना कळण्यासारखा होता. तिला, मला आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आईला. आई रडत नव्हती. दादाच्या पायांकडे बघत होती.

मधुकर हे दादाचं नाव, पण पनवेलमध्ये तो सगळ्यांचा मधुसर. गावातल्या एका शाळेत त्याने आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अंगाने काडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि खिशाला कायम खडूचा पांढरा डाग. बाजारात भाजी घ्यायला गेला तरी भाजीवाली "सर, तुमी नका निवडू, मी देते" म्हणायची, इतका भिडस्त. मात्र हाच माणूस वर्गात शिरला की वेगळाच व्हायचा. घराण्यात नाटकाचा किडा एकट्या मला आहे असं मी समजत होते, पण दहावीच्या मुलांना तो स्त्री-पुरुष गुणसूत्रांचा धडा शिकवताना मी एकदा मागच्या बाकावर बसून पाहिलं आणि माझा गर्व गळून पडला. तो धडा म्हणजे त्याचा खास प्रयोग. "तू ये एकदा बघायला, पण हसायचं नाही," असं मला त्यानेच बजावलं होतं.

टेबलावर दोन कापडी पिशव्या. एकीवर साखळी टाक्याने 'आई' असं भरलेलं, दुसरीवर 'बाप'. मुली मान खाली घालून बसलेल्या, मुलगे एकमेकांना कोपरखळ्या मारतायत. दादाने विचारलं, "मुलगा होणार की मुलगी, हे कोण ठरवतं?" मागून कोणीतरी ओरडलं, "देव!" दादा म्हणाला, "देवाला आपण संस्कृतच्या तासाला विचारू. आत्ता तू पुढे ये." आईच्या पिशवीत दोन बटणं, दोन्ही लाल. बापाच्या पिशवीत एक लाल आणि एक निळं. डोळे मिटायचे, दोन्ही पिशव्यांतून एकेक बटण काढायचं. लाल आणि लाल आलं तर मुलगी, लाल आणि निळं आलं तर मुलगा. काढलेलं बटण परत जागच्या जागी टाकायचं आणि पुढच्याने यायचं. तीन मुलांना लागोपाठ लालच आलं, तेव्हा एक शहाणा म्हणाला, "सर, आता निळंच येणार!" दादा हसला. "का? पिशवीला आठवण असते का? मागे काय आलं हे तिला काय माहीत? तिच्या लेखी प्रत्येक वेळ पहिलीच." मग टेबलावर हात आपटून त्याने विचारलं, "आता सांगा, कोणाच्या पिशवीने ठरवलं?" सगळा वर्ग एका सुरात, "बापाच्या!" "बापाने बघून काढलं का?" "नाही सर!" "म्हणजे बापाचाही दोष नाही. पण आईला दोष द्यायचा तर तिच्या पिशवीत दुसरं काही होतं तरी का?" मुलींच्या माना हळूहळू वर आल्या होत्या... मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण शाळेत माझी शोभा नको म्हणून गप्प बसले.

शाळा सुटली की दादा वडाळे तळ्याच्या काठाकाठाने घरी यायचा. शाळेत इतकं ठणठणीत असलेलं ते आईचा दोष नसल्याचं वाक्य त्या तळ्यात कुठेतरी पडत असावं. कारण घरात शिरायचा तो रिकाम्या हातांनी.

घरात वहिनीला दोन मुली होत्या आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. बाबा तेव्हा हयात नव्हते, घर आईच्या शब्दावर चालायचं. आई काही दुष्ट सासू नव्हती, हे मी शपथेवर सांगते. वहिनीला तिने कधी उपाशी ठेवलं नाही, कधी माहेर काढलं नाही. पण मुलगा हवा होता आणि तो वहिनीने द्यायचा होता, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. "हिची कूसच मुलींची," असं ती भाजी निवडता निवडता म्हणायची. 'हिच्या हाताला चव आहे' म्हणावं तितक्या सहज. कोणी सांगितलं म्हणून तिने वहिनीला रोज सकाळी दूध सुरू केलं. कुठल्याही गाईचं चालत नव्हतं. जिच्या पोटी गोऱ्हा झाला आहे, अशाच गाईचं. आणि पहाटे कासंडी घेऊन ते दूध आणायला जायचं कोण? तर आमचे मधुसर! अकरा वाजता पोरांना गुणसूत्रं शिकवणारा माणूस सकाळी सहाला गोठ्यात उभा राहून विचारायचा, "हिला गोऱ्हाच झालाय ना नक्की?" मी माहेरपणाला आले होते, मला हसू आवरेना. म्हटलं, "दादा, हिच्या पिशवीत निळं बटण होतं का विचारून घे." त्याने चष्मा सारखा केला. "दूध तब्येतीला चांगलंच असतं," म्हणाला. त्या वेळी मी खूप हसले. वहिनी ते दूध पेल्यात ओतून घ्यायची, त्याच्याकडे बघत एका दमात प्यायची आणि पेला त्याच्या हातात द्यायची. ते बघणं आता आठवलं की हसू येत नाही.

मुंबईला नेऊन एकदा 'तपासून' घ्या, असा सल्लाही गल्लीतून आला. तेव्हा दादा "नाही" म्हणाला. तेवढा एकच शब्द. पुढचं वाक्य परत तळ्यात.

डोहाळजेवण पहिलटकरणीचं करतात, हे मलाही कळतं आणि आईलाही कळत होतं. तरी तिने तिसऱ्या खेपेला घातलंच. जणू मागच्या दोन खेपा हिशेबात धरायच्या नाहीत. हिरवी साडी, फुलांची वाडी, गल्लीतल्या बायका आणि सूत्रधार अर्थातच नणंद. मी नाव घ्यायला लावलं, बायकांना नाचायला लावलं आणि शेवटी पाटासमोर दोन वाट्या पालथ्या घातल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे जन्माची मिठाईही अशीच ठरलेली. मुलगा झाला की पेढे वाटायचे आणि मुलगी झाली की बर्फी. बायका श्वास धरून बसल्या. वहिनीने वाटी उचलली. पेढा! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तो पेढा कोणाला खाऊ दिला नाही, नेऊन देवापुढे ठेवला. वहिनी पेढ्याकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती. दारात दादा उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. सगळ्या बायका जमलेल्या, आई समोर, याहून चांगली वेळ कोणती? मलाही वाटलं, आता बोलतोय... दादा म्हणाला, "मला पेपर तपासायचेत." आणि चपला घालून निघून गेला.

वहिनी तळ्याजवळच्या एका प्रसूतिगृहात बाळंत झाली, सकाळी शाळेच्या वेळेला. मुलगी. छान गुटगुटीत, डोक्यावर भरपूर जावळ. दादाने तिला हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "या वेळी मी पेढे वाटणार." मी म्हटलं, "अरे, मुलगी झालीय." "म्हणूनच. पेढेच वाटणार. लोकांना मुद्दा कळेल." त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला कौतुकच वाटलं. तरी म्हटलं, "दादा, लोकांना मुद्दा कळत नाही. पेढा कळतो." त्याने ऐकलं नाही. शाळेत हजेरी लावून येतो म्हणाला आणि गेला. वाटेत मिठाईवाल्याकडून पेढ्यांची खोकी घेतली, शाळेत वाटली आणि एक खोकं शाळेच्या शिपायाच्या, हरीमामांच्या हाती घरी पाठवलं. निरोप काय दिला? "आईला म्हणावं, तोंड गोड कर." बस्स.

पुढचा प्रवेश मी पाहिला नाही, पण जनाबायने मला तो नंतर इतक्यांदा करून दाखवला की मी तिथेच होते असं वाटतं. जनाबाय म्हणजे उरणकडून आमच्याकडे म्हावरं घेऊन येणारी कोळीण. ती दारात पाटी उतरवून बसली होती, आईची घासाघीस चालू होती. तेवढ्यात कोन गावचे हरीमामा सायकलवरून उतरले.

"आये, सरांनी पेढं धाडलेत. तोंड ग्वाड करा."

"काय झालं रे हरी?"

"मी काय सांगू? पेढं बघा ना!"

जनाबाय सांगायची, "म्हातारी अशी उठली ना बाय, माझी पाटी लवंडली. बोंबील रस्त्याव, पेढं हातान, नि म्हातारी माझे गळ्यान!" आईने गल्लीत साखर वाटली. कपाटातून चांदीचे वाळे काढले. हे वाळे दादाच्या बारशाचे, दोन्ही नातींच्या वेळी ते बाहेर आले नव्हते. देवापुढचा तो डोहाळजेवणाचा पेढा घेतला, त्याला एव्हाना मुंग्या लागलेल्या, त्या झटकल्या. आणि माझी आई, गुडघे धरलेली, रिक्षाला पैसे घालवणं पाप समजणारी बाई, रिक्षा करून दवाखान्यात आली.

खोलीत मी होते, वहिनी होती आणि नुकताच शाळेतून परतलेला दादा खिडकीशी उभा होता, खांद्याला शाळेची शबनम. आई आत आली ती हसतच. वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "जिंकलीस गं बाई," म्हणाली. वहिनी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आईने बाळाचं दुपटं उलगडलं. वाळे घालायचे होते ना... आणि थांबली. कितीतरी वेळ तिने दुपट्याचं टोक तसंच धरून ठेवलं होतं. मग तिने ते नीट झाकलं आणि विचारलं, "हरी चुकला का?"

"नाही आई," दादा म्हणाला. "पेढे मीच पाठवले."

"मुलीचे पेढे?"

"हो."

"माझी थट्टा केलीस?" आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "गल्लीभर साखर वाटून आले मी, मधू."

वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या पाठीकडे बघून दादाला कळलं, आपण काय केलं ते. जे तोंडाने बोलायचं होतं ते त्याने पेढ्यांवर ढकललं होतं आणि पेढे त्यांना येतं तेच बोलले होते. एका म्हातारीची फजिती झाली होती आणि ओल्या बाळंतिणीला "जिंकलीस" म्हणून पुन्हा हरवलं होतं. मग माझ्या दादाने त्याला जे येत होतं ते केलं. शबनमीतून त्या दोन पिशव्या काढल्या. "आई, हात घाल," म्हणाला. कसा कोण जाणे, पण आईने घातला. आईच्या पिशवीतून लाल. परत टाकलं, परत लाल. मग बापाच्या पिशवीतून लाल. पुन्हा काढलं, निळं. दादा हळू आवाजात सांगत गेला, वर्गात सांगायचा तसाच, फक्त टेबलावर हात न आपटता. "मुलगा की मुलगी ते बापाकडून येणाऱ्या बटणावर आहे. ते कोणतं यावं हे त्याच्याही हातात नसतं. पण हिच्या हातात तर काहीच नसतं, आई. हिच्याकडे दुसरं बटणच नाही. नाव ठेवायचं तर मला ठेव."

आई बटणांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझं विज्ञान ठेव शाळेत. ती म्हणाली, "म्हणजे मला तुझ्या आधी तिघी झाल्या..."

दादाने मान वर केली.

"...ते माझं नव्हतं?"

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आईला आधी तीन मुली झाल्या, मग दादा, आणि शेवटी शेंडेफळ मी. तिसरीच्या वेळी आमच्या आजीने बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणीसुद्धा तापवलं नव्हतं आणि बाबांसाठी दुसरी मुलगी बघायला माणसं गेली होती. बाबाही गेले होते. "मीच त्यांच्या टोपीला खळ करून दिली होती," हे आई आम्हाला हसत सांगायची आणि आम्ही हसत ऐकायचो. ते लग्न जुळायच्या आत आईला दिवस गेले, दादा झाला आणि आई घरात राहिली. दादावर तिचा जीव होता तो असा. त्याने तिला वाचवलं होतं.

"नव्हतं, आई," दादा म्हणाला. "तुझ्या पिशवीत दुसरं काही नव्हतंच."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

दादाने चष्मा काढला. "कॉलेजात असल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

दादा चष्मा शर्टाला पुसत राहिला. बायको ऐकून घेते हे त्याला दिसत होतं, त्याची बोच त्याला होती. पण समोर दूध आणायला सांगणारी, कूस म्हणणारी जी बाई बसली आहे, तीही तोच दगड गळ्यात बांधून तीस-चाळीस वर्षं चालते आहे आणि तो सोडवायची किल्ली आपल्या शबनमीत आहे, हे त्या शहाण्या माणसाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. आम्ही तिच्या टोपीच्या गोष्टीला हसत होतो.

आई उठली. बाळाच्या पायांत वाळे घातले. वहिनीच्या खांद्याला हात लावून विचारलं, "इथे न्हायला गरम पाणी देतात ना गं?" वहिनीने मान हलवली. आई दादाकडे न बघता निघून गेली. मुंग्या लागलेला पेढा खाटेवर तसाच राहिला.

ती गेल्यावर दादा वहिनीजवळ बसला. "तुलाही सांगायला हवं होतं," म्हणाला. भिंतीकडे तोंड करूनच वहिनी बोलली, "मला काय सांगायचं? पिशव्या कोणी शिवल्यात? त्यावर नावं कोणी भरलीत? बोटांना फरक कळू नये म्हणून तुमच्या लग्नातल्या कोटाचं निळं बटण काढून त्याच मापाची लाल बटणं अख्ख्या बाजारात मी शोधली. कशाला लागतात म्हणून तुमच्याच शिकवणीच्या मुलीला विचारलं, तिने घडाघडा सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं? मी तुम्ही बोलायची वाट बघत होते."

त्या दिवसापासून आई वहिनीला एका शब्दाने टाकून बोलली नाही. गोऱ्ह्याच्या गाईचं दूध बंद झालं. ती तिसरी, जुई, आजीच्या मांडीवरच वाढली. पण त्या विषयावर आई दादाशीही एका शब्दाने बोलली नाही. बाकी सगळं बोलायची. जेवलास का, छत्री घे, खोकला कसा आहे. फक्त ते नाही. आणि दादा, जगाला प्रश्न विचारणारा मास्तर, मला दर भेटीत एकच प्रश्न विचारायचा. मी आईजवळ बसून बाहेर आले की हळूच, "आई काही बोलली का गं?" मी म्हणायचे, "नाही रे." तो म्हणायचा, "बरं." नव्वदची सगळी वर्षं अशी गेली. पनवेल ओळखू येईना इतकं वाढलं, आमच्या घरातलं ते एक वाक्य तेवढंच राहिलं.

यंदाच्या भाऊबीजेला मी ओवाळत होते तेव्हाही पाटावर बसून त्याने तेच विचारलं. मी वैतागून म्हटलं, "तूच विचार ना एकदा. का नव्हतं सांगितलंस तेव्हा, तेही सांगून टाक." त्याने निरांजनाची वात पुढे सारली. मग म्हणाला, "तिला वाटायचं, नवस बोलून, उपास करून तिने मला मिळवलं. आयुष्यात तिची तेवढी एकच जीत. नुसतं एक बटण हाताला लागलं, असं कसं सांगू तिला?" मग स्वतःच मान हलवली. "नाही. हेही खरं नाही. घाबरलो, इतकंच." आणि ताटात ओवाळणी टाकून उठला. ती आमची शेवटची भेट.

दिवस झाले, माणसं पांगली. मी आईसोबत राहिले. गेल्या आठवड्यात हरीमामा आले, शाळेतलं दादाचं सामान घेऊन. चष्म्याचं रिकामं घर, डबा आणि त्या दोन पिशव्या. हरीमामा दारातच उभे. "आये, त्या दिसाला मी नीट बोललो नाय," म्हणाले. इतक्या वर्षांनी! आई म्हणाली, "तुझं काय चुकलं? बस, चहा घे." पिशव्या तिने स्वतः घेतल्या आणि दारामागच्या खिळ्याला, दादाची शबनम असायची तिथे, अडकवल्या.

परवा जनाबाय आली. पाटी उतरवली, दादासाठी डोळे पुसले आणि मग नेहमीच्या गाऱ्हाण्यांवर आली. "काय करू आये, पोराला तिसरीपन पोरगीच झाली. सुनंचं नशीबच फुटका हाय."

आई उठली, खिळ्यावरची एक पिशवी घेऊन आली. "हात घाल."

"म्हावऱ्याचा हात हाय माजा!"

"असू दे. घाल."

जनाबायने लाल काढलं. "परत टाक, परत काढ." लाल. "परत." निळं. जनाबाय खदखदली, "हा त जुगारच झाला!"

"पिशवी कोणाची, बघ. काय लिहिलंय?"

"मला कुठं वाचता येतंय?"

"बाप लिहिलंय. तुझ्या मुलाची पिशवी ही. सुनेला काय बोलतेस?"

जनाबाय काही ऐकून घेणारी नव्हे. "आये, तुमी तुमचे सुनंला काय कमी बोल्ल्याव?"

"बोलले," आई म्हणाली. "म्हणून तर सांगते. माझ्या मधूने शिकवलंय मला. उशिरा शिकवलं, पण शिकवलं."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. जनाबाय गेली, तशी मी आईसमोर जाऊन बसले. "आई, हे दादाला का नाही कधी सांगितलंस? प्रत्येक वेळी विचारायचा मला, आई काही बोलली का..."

आई पिशवीची नाडी बोटांना गुंडाळत होती. "सांगणार होते," म्हणाली. "तोही सांगणारच होता की मला."

मी भांडं ठेवायला आत गेले. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेरचं दिसतं. आईने मान वळवून बघितलं, मी नाही असं तिला वाटलं आणि तिने पुन्हा पिशवीत हात घातला. लाल आलं. परत टाकलं. पुन्हा लाल. परत टाकलं. मी श्वास धरून उभी, डोहाळजेवणात बायकांनी धरला होता तसा. मग निळं आलं, दादाच्या कोटाचं. ते मात्र तिने परत टाकलं नाही. मूठ मिटली आणि तशीच बसून राहिली.